सरसाने जोडलेली गिटार

अमेरिकेतलं मराठी घर ओळखायचं असेल तर दिवाणखान्यात जाऊ नये, सरळ बेसमेंटमध्ये उतरावं. वर सगळं नीटनेटकं असतं. खाली पिंगपाँगचं टेबल, गणपतीच्या मखराचा थर्मोकोल, मंडळाच्या नाटकातले दोन फेटे, मुलांच्या कॉलेजची पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात, चादरीखाली, एखादं वाद्य. कुणाकडे हार्मोनियम, कुणाकडे सतार, कुणाकडे तबल्याचा नुसता डग्गा. ‘कधीतरी वेळ मिळाला की’ म्हणून ठेवलेलं. तो वेळ मिळेपर्यंत वीस-तीस हिवाळे त्याच्यावरून जातात, आणि मग घर विकायची वेळ आली की प्रश्न पडतो: याचं काय करायचं?

अशाच एका वाद्याची ही हकिगत. एक खुलासा आधीच करतो. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय. एकजण सांगतो, दुसरी लिहिते आणि लिहिताना निम्मं कापते. तेव्हा ‘आम्ही’ वाचून कुणी भुवया उंचावू नयेत. आम्ही खरोखरच दोघं आहोत.

गिटार आमची नव्हे, आमच्या मित्राची. तो १९६८ साली शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आला. १९७० मध्ये एका रविवारी तो मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात हिवाळी कोट घ्यायला गेला आणि पंधरा डॉलर देऊन गिटार घेऊन आला. नव्या मंडळींसाठी सांगायला हवं की मॅक्सवेल स्ट्रीट म्हणजे शिकागोचा जुना बाजार. मोटारीच्या टायरपासून मोज्यांपर्यंत सगळं रस्त्यावर मांडलेलं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर अँप्लिफायर लावून ब्लूज वाजवणारी काळी मंडळी. इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारासाठी १९९४ मध्ये तो बाजार तिथून कॅनाल स्ट्रीटवर हलवला गेला. मित्र म्हणायचा, “त्या वादकांचं ऐकत उभा राहिलो आणि कोटाचे पैसे गेले.” तो हिवाळा त्याने दोन स्वेटर घालून काढला.

गिटार त्याला तेवढीच यायची जेवढी पंधरा डॉलरमध्ये येते. सी, एफ आणि जी. भावगीत असो, कोळीगीत असो, नाट्यपद असो, या तीन कॉर्डमध्ये तो ते बसवून टाकायचा. बसलं नाही तर गाणं बदलायचा, कॉर्ड नाही. पण गळा गोड होता. आम्ही १९७५ मध्ये शिकागोला आलो तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. त्याच्या दोन खोल्यांत दर शनिवारी पिठलं-भात आणि गाणी असत. जानेवारी १९७९ च्या हिमवादळात तर आम्ही तिथेच तीन दिवस अडकलो. बाहेर गाड्या दिसत नव्हत्या आणि आत घरातले कांदे संपत आले होते. तेव्हा ती गिटार वाजली नसती तर चार माणसं एकमेकांशी भांडली असती.

पुढे सगळ्यांचं होतं ते त्याचंही झालं. बढत्या, उपनगरातलं घर, मुलांचं पोहणं आणि व्हायोलिन. १९८५ च्या सुमाराला गिटार पेटीत गेली आणि पेटी बेसमेंटमध्ये. मित्र २०२१ मध्ये गेला. पुढच्या वर्षी वहिनींनी घर विकून लहान अपार्टमेंटमध्ये जायचं ठरवलं. आम्ही आवरायला गेलो. वहिनी शांतपणे एकेक वस्तू ‘न्यायची’, ‘द्यायची’, ‘टाकायची’ अशा तीन ढिगांत लावत होत्या. गिटारची पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. “भावजी, ही टाका,” एवढंच म्हणाल्या. त्यांची नात जवळ उभी होती, तेरा वर्षांची. तिने पेटी उघडली, आत पाहिलं आणि म्हणाली, “आजोबांची गिटार होती? मला कोणी सांगितलं नाही.”

त्यामुळे ती टाकली नाही. आमच्या गाडीत ठेवली.

आधी आम्ही ती एका वाद्यांच्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने आरशाने आत पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं की दुरुस्तीला जेवढे पैसे लागतील, त्याच्या निम्मीही तिची किंमत नाही. भिंतीवर शोभेला टांगा. माणूस प्रामाणिक होता. पण शोभेला टांगलेली गिटार बघून वहिनींना काय वाटेल, हा हिशेब त्याच्या यादीत नव्हता. आमच्यातला एकजण आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढून निवृत्त झालेला, आणि दुसरीने मिरजेचा तानपुरा चाळीस वर्षं या हवेत जिवंत ठेवलेला. म्हटलं, आपणच बघू.

पहिल्या रात्री आत दिवा सोडला तेव्हा शाईचा शिक्का दिसला. मॉडेल एच-१२६०, आणि १९६४ साल. म्हणजे ही ‘हार्मनी सॉव्हरिन’. हार्मनी ही आपल्या शिकागोचीच कंपनी. विल्हेल्म शुल्ट्झ या जर्मनीहून आलेल्या माणसाने ती १८९२ मध्ये काढली. १९१६ मध्ये ती सिअर्सने विकत घेतली, १९४० मध्ये पुन्हा वेगळी झाली. एके काळी तंतुवाद्यांचा तो अमेरिकेतला सर्वांत मोठा कारखाना होता. शेतावरच्या पोरांना, शाळकरी मुलांना, खिशात फार पैसे नसलेल्यांना परवडतील अशा गिटारी तिथे होत. १९७५ मध्ये कारखाना बंद पडला. ही सॉव्हरिन त्यातली वरच्या दर्जाची. तबली सलग स्प्रूसची, पाठ आणि कडा सलग महोगनीच्या, प्लायवूड नाही. लेड झेपलिनच्या जिमी पेजकडेही हेच मॉडेल होतं. ही माहिती नातीला सांगितल्यावर आमचा भाव तिच्या डोळ्यांत एकदम वाढला.

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. त्या काळच्या कारखान्यात ही वाद्यं सरसाने जोडली जात. सरस म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सुतारांचा सरस, तोच. जनावरांचं कातडं उकळून केलेला गोंद. लहानपणी वाड्यात सुतार आला की विस्तवावर त्याचं काळं डबडं ठेवायचा आणि सगळ्या वाड्यात वास सुटायचा. तो वास ज्यांना आठवतो त्यांना वर्णन नको, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना वर्णन न केलेलं बरं. वाळला की सरस काचेसारखा कडक होतो, लाकडाइतकाच मजबूत धरतो. पण त्याला उष्णता आणि ओल एकदम दिली की तो पुन्हा मऊ होतो आणि सांधा लाकडाला इजा न होता उकलतो. शिवाय जुन्या सरसावर नवा गरम सरस लावला की जुना विरघळून त्यात मिसळतो. बहुतेक आधुनिक गोंदांना ही सवय नाही. ते आपल्याच जुन्या थरावर धड चिकटत नाहीत.

म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्याने ही गिटार जोडली, त्याने ती पुढे कधीतरी उघडता येईल अशी जोडली होती. मुद्दाम ठरवून असेल असं नाही, तेव्हा गोंदच तो होता. पण उपयोग आम्हाला झाला.

प्रथम साफसफाई. आतली धूळ, उंदराच्या लेंड्या आणि कोळ्याची जाळी काढायला एक जुनी युक्ती आहे. दोन मुठी कोरडे तांदूळ गिटारीच्या पोटात टाकायचे, हळूहळू हलवायचं आणि भोकातून ओतून घ्यायचे. तांदूळ सगळा कचरा घेऊन बाहेर येतात. आमच्यातल्या एकाने त्यासाठी डब्यातला आंबेमोहोर काढला, त्यावरून जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही. बाहेरून फक्त किंचित ओलं मऊ फडकं फिरवलं. जुन्या गिटारीवर लॅकरचा पातळ थर असतो. त्याला स्पिरिट किंवा ॲसिटोन लागलं की तो विरघळतो. फर्निचरचं पॉलिशही लावू नये, ते भेगांत शिरतं आणि मग तिथे कुठलाच गोंद धरत नाही. ओरखडे आम्ही तसेच ठेवले. कुठला ओरखडा कुणाच्या अंगठीचा, ते आता विचारायला माणूस नाही.

मग तपासणी. माठ घेताना जशी टिचकी मारून बघतो, तशी तबलीवर सगळीकडे बोटाने टिचकी मारली. भरीव आवाज आला तर ठीक. खडखड आली की आतली पट्टी सुटलेली. या गिटारीत तबलीच्या आतल्या बाजूने आडव्या पट्ट्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पाचपैकी तीन सुटल्या होत्या. तबलीला दोन भेगा. घोडी मागच्या बाजूने उचललेली. आणि मान पुढे वाकलेली, इतकी की बाराव्या पडद्यावर तारा पाच मिलिमीटर वर. साधारण अडीच मिलिमीटर हव्यात. तारेवर बोट दाबायला पैलवान लागला असता.

यात वाद्याचा दोष नाही. सहा पोलादी तारा मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण देतात. म्हणजे एक मोठा माणूस साठ वर्षं तिथे लोंबकळतोय असं समजा. त्यात आपल्या इथली हवा. उन्हाळ्यात बेसमेंट दमट आणि हिवाळ्यात फर्नेसने कोरडं ठणठणीत. लाकूड फुगतं, आकसतं आणि एक दिवस फाटतं.

भेगांना लगेच गोंद लावायचा नसतो. आधी लाकडाला पाणी पाजायचं. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडली, आत पिळलेला ओला स्पंज ठेवला आणि ती डबी गिटारीबरोबर पेटीत बंद केली. रोज स्पंज बदलायचा. आमच्या तानपुऱ्याला १९८० च्या पहिल्याच हिवाळ्यात तबलीवर चीर गेली, तेव्हा मिरजेला पत्र लिहिलं होतं. तिथल्या कारागिराने उत्तरात एवढंच लिहिलं की वाद्य तहानलेलं आहे, घाई करू नका. तेच इथे लागू पडलं. सोळाव्या दिवशी दोन्ही भेगा आपोआप मिटल्या. नखाला लागेनात. मग सरस लावून आतून स्प्रूसच्या छोट्या शंकरपाळ्यांएवढ्या चकत्या आडव्या रेषेत चिकटवल्या, म्हणजे भेग पुन्हा पुढे सरकत नाही.

सरस शिजवण्यावरून घरात एक छोटी परिषद झाली. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हा तर साक्षात कातड्याचा रस्सा. “माझ्या गॅसवर नाही,” असा निकाल लागला. तेव्हा नातवाच्या वेळचं दुधाची बाटली गरम करायचं विजेचं यंत्र कामाला आलं. सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे, सकाळी ते साबुदाण्यासारखे फुगतात. मग भांड्यात भांडं ठेवून साठ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचे. त्यापेक्षा फार वर गेलं की त्याची ताकद जाते. लावल्यावर हातात मिनिटभराचा वेळ असतो. तेवढ्यात सांधा बसवून शिकंजा आवळायचा. तो निवला की जेली होते आणि पहिल्यापासून सुरुवात. गराजमध्ये नोव्हेंबरच्या थंडीत तो डब्यातून काढेपर्यंतच थिजायला लागला, म्हणून सगळा संसार लाँड्रीच्या खोलीत हलवला.

आता अडचण अशी की आतल्या पट्ट्यांपर्यंत हात जायला हवा, आणि गिटारीच्या भोकातून आमच्या दोघांचा हात मनगटापलीकडे जाईना. नातीचा मात्र कोपरापर्यंत जात होता. त्यामुळे ती दर शनिवारी येऊ लागली. एकाने आरसा आणि टॉर्च धरायचा, दुसरीने घड्याळ बघायचं आणि तिने आत हात घालून पट्टीखाली सरस भरायचा. पहिल्या दिवशी ती किंचाळली, “शी, आजोबा, हे खूप वास येतं!” मराठीचं व्याकरण बिघडलं होतं, पण माहिती अचूक होती. तिसऱ्या शनिवारी ती स्वतःच यंत्रावरचं तापमान बघून “अजून दोन डिग्री” म्हणायला लागली. सुटलेल्या तिन्ही पट्ट्या तिनेच बसवल्या. ज्या आजोबांची गिटार तिने कधी ऐकली नव्हती, तिच्या पोटात हात घालून.

मग घोडी. तिथे आम्ही अडलो. घोडीच्या खालच्या कडेला पिवळट, काचेसारखा थर दिसत होता. सरस नव्हे. तो इपॉक्सी होता, दोन नळ्या मिसळून लावतात तो. कुणीतरी कधीतरी सुटलेली घोडी त्याने चिकटवली होती, आणि मागची निम्मी बाजू पुन्हा सुटली होती. उरलेली निम्मी सुटायला तयार नव्हती. तबलीवर ॲल्युमिनियम फॉइल पसरून घोडीपुरतीच जागा उघडी ठेवली, इस्त्रीने घोडी तापवत गेलो आणि पातळ पॅलेट नाइफ केसाएवढा आत सरकवत गेलो. तीन तास. शेवटी घोडी निघाली, पण तबलीचे काही रेषे ओढून घेऊन निघाली. ते खड्डे स्प्रूसच्या झिलप्यांनी भरायला आणखी दोन शनिवार लागले.

त्या दिवशी वहिनी नातीला न्यायला आल्या होत्या. आम्ही त्यांना तो पिवळा थर दाखवला आणि म्हटलं, ज्याने हे केलंय त्याने पक्कंच करून ठेवलंय. वहिनींनी तुकडा हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “हा मी लावलाय.”

मग त्यांनी सांगितलं. १९७९ च्या त्याच हिवाळ्यात, वादळानंतर आठवड्याभरात घोडी उचकटली. दुकानात न्यायला पैसे नव्हते. मित्र काही बोलला नाही, पण संध्याकाळी कामावरून आला की पेटीकडे बघून गप्प बसायचा. नोकरीचंही तेव्हा डळमळीत होतं. महिनाभर घरात गाणं झालं नाही. एक दिवस तो कामावर गेल्यावर वहिनी हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि तिथल्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, सर्वांत मजबूत गोंद कोणता? त्याने इपॉक्सी दिला. त्यांनी घोडीवर गोंद लावून वर पोळपाट ठेवला, पोळपाटावर गव्हाच्या पिठाची पिशवी, आणि दिवसभर त्याला कुणी धक्का लावू नये म्हणून शेजारी बसून राहिल्या. “त्यांना वाटलं, मी दुकानातून करून आणली,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगितलं नाही. पुढची सहा वर्षं वाजवली त्यांनी.” मग जरा थांबून विचारलं, “चुकलं का हो माझं?”

आम्ही काय उत्तर देणार? वाद्याच्या शास्त्राने ते चूकच होतं. कुठलाही कारागीर हेच सांगेल. पण तो इपॉक्सी लागला नसता तर १९७९ च्या वसंतात ती गिटार कचऱ्याच्या गाडीत गेली असती, आणि नंतर दुरुस्त करायला काही उरलंच नसतं. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की तुमचा गोंद बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं टिकला, आमचा किती टिकतो ते बघायला आम्ही असणार नाही. वहिनी हसल्या. बेसमेंट आवरायला घेतल्यापासून आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतरही आम्हाला एका हौशी सुतार मित्राने सुचवलं होतं की आता नवे गोंद फार चांगले आहेत, ही कटकट कशाला, एकदाच पक्कं करून टाका. सोपं झालं असतं हे खरं. पण आम्ही घोडी सरसानेच बसवली. वहिनींकडे त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता. आमच्याकडे वेळ होता, माहिती होती आणि नातीचा हात होता. ज्याला हे सगळं आहे त्याने पुढच्या माणसाची वाट बंद करू नये, असं आम्हाला वाटलं.

सर्वांत अवघड काम मानेचं. मान आणि खोकं डव्हटेलने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट होत जाणाऱ्या खाचेने जोडलेली असतात. ती उकलायला वाफ लागते. प्रेशर कुकरला नळी लावावी असा विचार एकाच्या मनात आला होता. दुसरीच्या नजरेने तो तिथेच मिटला. शेवटी गराज सेलमधलं दहा डॉलरचं एस्प्रेसो कॉफीचं यंत्र आणलं. त्याच्या दुधाच्या नळीला रबरी नळी आणि पुढे बास्केटबॉलमध्ये हवा भरायची सुई जोडली. पंधरावा पडदा गरम करून उपसला, त्याच्या खाचेत बारीक भोक पाडलं आणि सुईने आत वाफ सोडली. सात-आठ मिनिटं काही झालं नाही. मग खाचेतून तपकिरी पाणी ओघळलं, तोच सुताराच्या डबड्याचा वास आला, आणि मान अलगद वर आली. १९६४ मध्ये कुणीतरी लावलेला सरस, जणू काल लावला होता.

किती लाकूड घासायचं हे काढायला शाळेतले समरूप त्रिकोण पुरले. बाराव्या पडद्यावर तारा अडीच मिलिमीटर खाली यायला हव्यात, म्हणजे घोडीपाशी पाच. चौदाव्या पडद्यापासून घोडी सुमारे २८५ मिलिमीटरवर, मानेची टाच ८० मिलिमीटर उंच. पाच गुणिले ऐंशी, भागिले दोनशे पंच्याऐंशी. टाचेच्या तळाशी जेमतेम १.४ मिलिमीटर. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप! पण एवढंच जास्त गेलं तर मान कायमची बिघडते. टाच आणि खोक्यामध्ये पॉलिशपेपरची पट्टी धरून ओढायची, दहा ओढी घेतल्या की मोजायचं. दोन आठवडे मान वाळू दिली होती, आणखी दोन आठवडे घासण्यात गेले. खाचेत महोगनीच्या पातळ चकत्या बसवून, सरस लावून मान पुन्हा बसवली. खुंट्यांच्या दात्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. तारा हलक्यातल्या हलक्या घेतल्या, म्हणजे म्हातारीवर भार कमी.

सप्टेंबर २०२२ मध्ये हात घातला होता. तारा चढल्या मे २०२३ मध्ये. अवजारं आणि सामान मिळून २३० डॉलर. आमच्या वेळेचा हिशेब आम्ही ठेवला नाही.

आवाज कसा आहे? महागड्या गिटारीसारखा गोल आणि लांबणारा नाही. शिडीसारख्या पट्ट्यांच्या गिटारीचा आवाज लवकर उठतो, मोकळा असतो, थोडा कोरडा, आणि लवकर बसतो. माणूस बोलतोय असा. पेटीच्या कप्प्यात मित्राची छोटी डायरी निघाली. त्यात गाणी देवनागरीत लिहिलेली आणि शब्दांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरात कॉर्ड. सी, एफ, जी. नातीला वरची ओळ वाचता येते, खालची येत नाही. वहिनींना खालची येते, वरची नाही. सध्या दर रविवारी दोघी एका सोफ्यावर बसून एक गाणं पुरं करतात. वहिनी शब्द सांगतात, नात वाजवते. नातीने एक चौथी कॉर्डही शोधून काढली आहे, जी त्या गाण्याला खरोखर हवी होती. मित्राला ती पन्नास वर्षांत सापडली नव्हती.

आता ज्यांच्या बेसमेंटमध्ये चादरीखाली काही आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. वाद्याजवळ ती ४५ ते ५० टक्के असावी. फर्नेसच्या झोताजवळ, बाहेरच्या भिंतीला लागून किंवा ॲटिकमध्ये वाद्य ठेवू नका. वर्षानुवर्षं वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा. फुटलेलं, सुटलेलं दिसलं तर घाईने घरातला गोंद लावू नका. तुकडा पडला असेल तर कितीही लहान असला तरी पाकिटात घालून ठेवा. कारागिराकडे नेलंत तर किंमत विचारण्याआधी कोणता गोंद वापरणार ते विचारा. आणि ते वाद्य कुणाचं होतं, कुठे घेतलं, कोण वाजवायचं, हे घरातल्या मुलांना एकदा सांगून ठेवा. ‘मला कोणी सांगितलं नाही’ हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही.

मान बसवण्याआधी आम्ही एक चिठ्ठी गिटारीच्या पोटात, जुन्या शिक्क्याच्या शेजारी, चिकटवली. नातीच्या अक्षरात एकदा इंग्रजीत आणि एकदा, जरा वाकड्यातिकड्या, देवनागरीत. मे २०२३. दोन भेगा, तीन पट्ट्या, घोडी, मान. सगळीकडे सरस वापरला आहे. वाफ दिलीत तर सुटेल.